आजोबांच्या पेटीत जुनं रिव्हॉल्व्हर सापडलं, तर ते किती जुनं, किती किमतीचं आणि मुळात ते घरात ठेवता येतं का?

समजा, सांडोरमधलं एक जुनं कौलारू घर पाडायचं ठरलंय. त्या जागी बिल्डिंग उभी राहणार, म्हणून माळ्यावरचं सामान खाली काढणं सुरू आहे. पत्र्याच्या पेटीच्या तळाशी, तेलकट फडक्यात गुंडाळलेलं एक रिव्हॉल्व्हर निघतं. आजोबा जाऊन २० वर्षं झालीत आणि घरात कुणालाच याची कल्पना नाही. कुणीतरी फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकतं आणि पाच मिनिटांत दोन उत्तरं येतात. एक काका म्हणतात, "गंजलंय, भंगारात द्या." लंडनला असलेला भाऊ म्हणतो, "अरे थांबा, अँटिक आहे, करोडोंना जाईल!"

दोघंही चुकीचे आहेत. पण त्याआधीची चूक ग्रुपवर फोटो टाकणाऱ्याने केली आहे. ती का, ते पुढे बघू.

सगळ्यात आधी एक गोष्ट. अशी वस्तू सापडली तर ती भरलेलीच आहे असं समजा. ट्रिगरला हात लावू नका, उघडून बघू नका, मुलांना खोलीबाहेर काढा. ५०-६० वर्षं पडून राहिलेलं काडतूसही उडू शकतं.

आता ओळख पटवू. रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण आपण दोन्ही शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरतो. रिव्हॉल्व्हरमध्ये गोल फिरणारं चक्र असतं, म्हणजे सिलिंडर, आणि त्याच्या घरांमध्ये पाच-सहा काडतुसं बसतात. पिस्तुलात काडतुसांचं मॅगझिन मुठीत असतं. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरमध्ये अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या ब्राउनिंग पिस्तुलातून. तरीही आजच्या पोस्टमध्ये ते बिनधास्त 'रिव्हॉल्व्हर' होऊन जातं. इतिहासाच्या पोस्टमध्ये हे खपतं, किंमत ठरवताना नाही.

आपल्याकडच्या जुन्या घरांत सापडणारं विलायती रिव्हॉल्व्हर म्हटलं की पहिलं नाव येतं वेब्ली. बर्मिंगहॅमची ही कंपनी. १८८७ मध्ये ब्रिटिश सैन्याने तिचं .४५५ बोअरचं मार्क १ स्वीकारलं, पहिल्या महायुद्धात १९१५ ला मार्क ६ आलं. याची रचना लगेच ओळखू येते, कारण नळी पुढे खाली दुमडते आणि आख्खं रिव्हॉल्व्हर मधोमध उघडतं. याच्यासारखं दिसणारं, पण .३८० बोअरचं एनफिल्ड नंबर २ हे १९३२ चं. याशिवाय स्मिथ अँड वेसन, कोल्ट ही अमेरिकन नावं असतात.

तारीख कशी काढायची? अंगावरच्या ठशांवरून. आणि खरी मजा इथेच आहे.

वेब्लीवर 'पी. वेब्ली अँड सन' असं नाव असेल तर ते १८९७ च्या आधीचं धरतात, कारण त्या वर्षी कंपनी दुसऱ्या दोन कंपन्यांत विलीन होऊन 'वेब्ली अँड स्कॉट' झाली. नावापुढे नुसतं 'लिमिटेड' १९०६ पासून लागलं. इंग्लंडमध्ये विक्रीला जाणारं प्रत्येक हत्यार सरकारमान्य प्रूफ हाउसमध्ये जास्त दारू भरून तपासलं जायचं आणि त्यावर शिक्का बसायचा. बर्मिंगहॅमच्या शिक्क्यात मुकुटाखाली 'बीपी', 'बीव्ही' किंवा 'एनपी' ही अक्षरं असतील, तर तपासणी १९०४ किंवा त्यानंतरची. मार्क ६ आणि एनफिल्डवर तर थेट साल कोरलेलं असतं.

तीन रेघांचा बाण दिसला तर ती सरकारी लष्करी मालमत्ता होती. बाणासोबत इंग्रजी 'आय' असेल तर तो हिंदुस्थानच्या लष्कराचा माल. आणि दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर असतील तर अर्थ असा की सैन्याने ते रीतसर विकून टाकलं होतं. हा छोटासा ठसा मोलाचा आहे. तो नसेल तर वस्तू सैन्यातून बाहेर आली कशी, हा प्रश्न उरतो.

कधीकधी बनवणाऱ्यासोबत दुकानाचंही नाव असतं. मुंबईत काळा घोड्याला आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग अजून उभी आहे, तिथे त्याच नावाच्या विलायती स्टोअरची शाखा होती. साहेब लोकांना कपड्यांपासून बंदुकांपर्यंत सगळं पुरवणारं हे दुकान आपलं नाव हत्यारावर कोरायचं. पेटीतल्या रिव्हॉल्व्हरवर ते नाव निघालं, तर वस्तूला एक पत्ता मिळाला म्हणायचं.

इथे लोक दोन ठिकाणी फसतात. पहिलं पेटंटच्या तारखेत. अमेरिकन रिव्हॉल्व्हरच्या नळीवर १८८० च्या आसपासची तारीख दिसते आणि घरचे उड्या मारतात. ती तारीख पेटंट मिळाल्याची असते. तेच पेटंट पुढची कितीतरी वर्षं कोरलं जायचं. नेमकं साल सिरियल नंबरवरून निघतं. कोल्ट आणि स्मिथ अँड वेसनच्या जुन्या नोंदींवरून त्या नंबरचं पत्र फी भरून मागवता येतं. अमेरिकेत या सालाला फार महत्त्व आहे, कारण १८९८ पर्यंत बनलेलं हत्यार तिथल्या केंद्रीय कायद्यात 'अँटिक' ठरतं.

दुसरी फसगत नकलांची. आज पाकिस्तानात असलेल्या दर्रा आदमखेलमध्ये कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हाताने वेब्लीच्या नकला घडवत आलेत. ठसेही कोरतात, पण इंग्रजीची चूक होते. स्पेलिंग बिघडतं, 'एन' उलटा पडतो. स्पेनमधल्या एईबारच्या कारखान्यांतूनही वेब्ली-स्मिथच्या वळणाची रिव्हॉल्व्हर यायची आणि पहिल्या महायुद्धात खुद्द ब्रिटिश सैन्याने ती विकत घेतली. म्हणजे स्पॅनिश म्हणजे बनावट असंही नाही.

किंमत कशावर ठरते? पहिलं म्हणजे मूळपणा. नळी, सिलिंडर आणि फ्रेमवरचे नंबर जुळतात का, लाकडी मूठ तीच आहे का, धातूवरचा मूळ निळसर-काळा मुलामा किती उरलाय. म्हणून पॉलिश पेपर घेऊन घासायला बसू नका. चकचकीत केलेल्या रिव्हॉल्व्हरचे ठसे पुसट होतात आणि भावही पडतो.

दुसरी गोष्ट पुराव्यासकटची कहाणी. पॅट गॅरेट या शेरीफने ज्याने बिली द किडला मारलं, ते कोल्ट २०२१ मध्ये ६० लाख डॉलरच्या वर गेलं. व्हॅन गॉगने ज्याने स्वतःवर गोळी झाडली असं मानलं जातं, ते पूर्ण गंजलेलं रिव्हॉल्व्हर एका शेतकऱ्याला शेतात सापडलं होतं. २०१९ ला पॅरिसमध्ये त्याचे १,६२,५०० युरो आले. चालत नव्हतं, मूठ गायब होती. तशाच मॉडेलचं दुसरं कुणी या भावाने घेणार नाही. लंडनवाल्या भावाच्या डोक्यात असलेले करोडो या दुर्मीळ कहाण्यांमधून आलेत.

भारतात मात्र किमतीचं गणित परदेशी वेबसाइट बघून जमत नाही, कारण इथे भाव बोअरवर आणि कागदांवर ठरतो. शस्त्र नियमांनुसार .३८० किंवा .४५५ चं रिमवालं काडतूस ज्यात बसतं आणि उडतं, ते रिव्हॉल्व्हर प्रतिबंधित बोअरमध्ये येतं. म्हणजे वेब्ली मार्क ६ आणि एनफिल्ड, कलेक्टर लोक ज्यांच्या मागे असतात नेमकी तीच! त्यांचं लायसन्स केंद्रीय गृह मंत्रालयाच्या हातात, त्यामुळे कायदेशीर गिऱ्हाईक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं. उलट .३२ बोअरचं साधंसुधं वेब्ली सामान्य लायसन्सवर चालतं. सर्वसामान्यांसाठी आयात १९८० च्या दशकापासून बंद असल्याने असा विलायती माल नव्याने येत नाही. म्हणून परदेशात किरकोळ भावाचं .३२ इथे चांगला भाव खातं. तुलनेसाठी, कानपूरच्या सरकारी कारखान्याचं 'निर्भीक' हे .३२ रिव्हॉल्व्हर २०१४ ला सुमारे १.२२ लाखाला आलं होतं.

बाहेर नेऊन विकू म्हणाल, तर १०० वर्षांपेक्षा जुनी ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते आणि तिची खासगी निर्यात बंद आहे.

आता त्या फोटोकडे येऊ. "अँटिक आहे, लायसन्स कशाला?" हे वाक्य ऐकायला बरं वाटतं. शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये जुन्या, पुरातन मूल्याच्या हत्यारांना सूट आहे हे खरं. पण अट अशी की ते दुरुस्ती करून किंवा न करता, कसंही बंदूक म्हणून वापरता येणार नाही अशा अवस्थेत हवं. 'दुरुस्ती करून' हे दोन शब्द लक्षात ठेवा. नुसता गंज पुरेसा नाही. सूट लागू झाली नाही, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनालायसन्स साध्या हत्याराला किमान २ वर्षं आणि प्रतिबंधित बोअरला किमान ७ वर्षं कैद आहे. सुटी काडतुसंही याच कायद्यात येतात. अशा वस्तूचा फोटो आपल्या नावाने ग्रुपवर फिरणं म्हणजे स्वतःच पुरावा तयार करून ठेवणं.

मग करायचं काय? त्याच पेटीत लायसन्सचं पुस्तक शोधा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, त्यामुळे वसईतल्या आजोबांच्या लायसन्सवर ठाण्याचा शिक्का असेल. कलम २१ सांगतं की ज्याचा ताबा कायदेशीर उरला नाही, ते हत्यार विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करावं. जमा केलं म्हणजे गेलं, असं नाही. वारस लायसन्स मिळवून ते परत घेऊ शकतो किंवा लायसन्सधारकाला विकून पैसे घेऊ शकतो. मात्र मुदतीत हालचाल केली नाही तर ते सरकारजमा होतं. २०१६ च्या नियमांत वारसाहक्काने लायसन्स देण्याची सोय आहे. फक्त एका व्यक्तीकडे आता दोनच हत्यारं ठेवता येतात, वारशाची धरून. वसईसाठी अर्ज मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाकडे जातो, ते १ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालंय.

कागद अजिबात सापडलेच नाहीत, तर आधी वकिलाशी बोला आणि त्याच दिवशी पोलीस ठाण्याला फोन करा. पिशवीत घालून रिक्षाने स्वतः नेऊ नका. पोलीस घेऊन जातील तेव्हा पावती मागा आणि तिच्यावर बनावट, बोअर, सिरियल नंबर आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या. पुढे लायसन्स, विक्री, काहीही करायचं झालं तरी पहिला कागद हाच लागतो.