माझ्या आजीच्या पाटल्या आणि हट्टीची खाण

गेल्या धनत्रयोदशीला ताटात लक्ष्मीचं नाणं ठेवताना लेकीनं विचारलं, "आई, सोनं कुठल्या खडकात असतं?" तिच्या शाळेत तेव्हा खडक शिकवत होते. मी लातूरला आठ वर्षं भूगोल शिकवला, तरी पटकन तोंडात आलं ते "सराफाकडे"! ती हसली, मी ओशाळले.

मंडळी, सोन्याचा विषय आमच्या घरी गेलं वर्षभर गाजतोय. माझ्या आजीच्या चार तोळ्यांच्या पाटल्या लातूरच्या लॉकरमध्ये आहेत. इथं रीडिंगमध्ये पुन्हा वर्गात उभं राहायचं तर आधी वर्षभराचा अभ्यासक्रम करायला हवा आणि त्याची फी भरायला हवी. विकाव्यात की नाही? लेकीच्या प्रश्नानं मात्र मला वेगळ्याच ठिकाणी नेलं.

माझे एक मामा हट्टीच्या खाणीत हिशेब खात्यात होते. हट्टी रायचूर जिल्ह्यात, लिंगसुगूर तालुक्यात. कृष्णा आणि तुंगभद्रा या दोन नद्यांच्या मध्ये असूनही मुलूख कोरडा ठणठणीत. नववीच्या उन्हाळ्यात आम्ही गेलो होतो. रायचूरला उतरून बसनं निघालो, तर वाटेत नुसते खडक, बाभळी आणि धूळ. मग अचानक माळावर उंच लोखंडी सांगाडा दिसला, वर फिरणारं मोठं चाक. मामा म्हणाले, "ते चाक फिरतंय म्हणजे खाली माणसं जातायत." मला आधी रहाटच वाटला होता. खरं तर रहाटच तो, फक्त पोहऱ्याऐवजी पिंजरा.

ही खाण काल-परवाची नाही. इंग्रज इंजिनिअर इथं पोचले तेव्हा त्यांना जुन्या लोकांनी खणलेले खड्डे सापडले, काही सुमारे ६४० फूट खोल. आत सापडलेल्या लाकडांवरून हे काम सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं ठरतं. सुरुंगाची दारू नव्हती, पंप नव्हते. दगडाला लागून जाळ करायचा, तापला की पाणी मारायचं, तडा गेला की फोडायचा. त्या धुरात किती जीव गुदमरले असतील, कोण जाणे.

जवळच मस्की आहे. तिथला अशोकाचा शिलालेख १९१५ साली सापडला, तो बीडन नावाच्या सोन्याच्या खाणीतल्या इंजिनिअरला. तोवरच्या लेखांत 'देवानांपिय पियदसी' एवढंच असायचं. मस्कीच्या लेखात 'अशोक' हे नाव आलं आणि तो राजा कोण हे पक्कं झालं. मी दहा वेळा अशोक शिकवला असेन, पण त्याचं नाव सोनं शोधणाऱ्या माणसाच्या हाती लागलं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं!

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निझामाचं नाव लावलेल्या ब्रिटिश कंपनीनं हट्टी चालवली; १९२० च्या सुमारास ती बंद पडली. १९४७ साली हैदराबाद संस्थानात नवी कंपनी निघाली. तेव्हा लातूर आणि हट्टी एकाच राज्यात होते. १९५६ च्या भाषावार प्रांतरचनेत आम्ही मुंबई राज्यात आलो, हट्टी म्हैसूरला गेली. कोलारची प्रसिद्ध खाण तीन किलोमीटरपेक्षा खोल गेली आणि २००१ साली बंद झाली. हट्टी मात्र चालू आहे.

खाली सुरुंग लावून दगड फोडतात, वर आणतात, आधी भरडतात, मग गिरणीत पिठासारखा दळतात. त्या लगद्यात सायनाइडचं पाणी सोडून सोनं विरघळवतात, ते परत वेगळं काढतात आणि भट्टीत वितळवून त्याच्या विटा पाडतात. उरलेला गाळ बाहेर साठत राहतो. मामांच्या घरासमोरचा करडा डोंगर त्याचाच होता. सराफकट्ट्यावरच्या केरातून सोनं धुऊन काढणारे आपले झारेकरीसुद्धा जे करतात, त्याचाच हा अवाढव्य अवतार.

मला पिंजऱ्यातून खाली जायचं होतं. "पोरींना नाही," असं उत्तर मिळालं. १९५२ च्या खाण कायद्यानं बायकांना जमिनीखालच्या कामाची बंदीच होती; २०१९ साली ती अटींवर सैल झाली. सोनं घालायचं आम्ही, बघायचं मात्र वरून!

आता हिशेब. हट्टीच्या एका टन दगडात साधारण तीन-चार ग्रॅम सोनं निघतं. तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, म्हणजे चार तोळे जवळजवळ ४७ ग्रॅम. लेकीनं कागदावर भागाकार केला: बारा ते पंधरा टन दगड. "आई, म्हणजे तीन हत्ती!" आजीनं ते तीन हत्ती मनगटावर घेऊन आयुष्यभर भाकऱ्या थापल्या.

पाटल्यांचं सोनं हट्टीचं होतं की नाही, हे सांगायला आजी नाही. बाबा फोनवर म्हणतात, "विकू नकोस, तिची आठवण आहे." सासूबाईंचं मत उलट: "लॉकरमध्ये ठेवून कोणाला शिकवणारेस?" फीचा पहिला हप्ता जानेवारीत आहे आणि आमची तिकिटं डिसेंबरची. लॉकरची किल्ली मी पर्समध्ये टाकून ठेवली आहे.