पोट सुरतेत, मत गावात

नवापूरच्या रेल्वे स्थानकावर एक बाकडे आहे. त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. गाड्यांच्या सूचनाही तेथे मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत होतात. येणारे-जाणारे कौतुकाने फोटो काढतात. त्याच फलाटावरून सुरतेची गाडी पकडणाऱ्या आमच्या माणसांना मात्र या बाकड्याची मौज वाटत नाही. पोटापाण्यासाठी ती रेषा ओलांडली की निवडणुकीच्या दिवशी त्यांचे मत मागे राहते.

२० नोव्हेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र विधानसभेसाठी मतदान झाले. ऊसतोडीचे हे ऐन दिवस. नंदुरबार जिल्ह्यातील आणि डांगातील कोयतेवाले त्या सुमारास बारडोली, मढीच्या बाजूला पालात असतात. सुरत शहरात लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांत राहणारे खानदेशी कामगार वर्षभरच येथे असतात. त्यांतले कितीतरी अजून गावच्या यादीत आहेत, कारण घर, शेत, रेशनकार्ड आणि म्हातारे आईवडील तिकडे आहेत.

कायद्याने त्यांना मतदानाच्या दिवशी भरपगारी सुटी आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९९६ साली घातलेले कलम १३५ ब ते सांगते, आणि मतदारसंघाबाहेर काम करणाऱ्यालाही ते लागू असल्याचे निवडणूक आयोगाने स्पष्ट केले आहे. पण ही सुटी एका दिवसाची. पांडेसऱ्याहून निघून धडगावपलीकडच्या पाड्यावर पोहोचायला एक दिवस, मत द्यायला एक आणि परतायला एक. तीन खाड्यांपैकी एकाच दिवसाची मजुरी मिळणार, तीही शेठने दिली तर. मीटरवर मजुरी घेणाऱ्या लूम कामगाराला भरपगारी सुटी म्हणजे काय, हेच कोणी नीट सांगत नाही. आमच्या शाळेतल्या एका पालक बाईंनी गेल्या विधानसभेच्या वेळी विचारले होते, "गुरुजी, मत द्यायला जाऊ की पोरीची फी भरू?" आम्हाला उत्तर देता आले नाही.

म्हणून आमच्या समितीच्या बैठकीत मागणी निघाली, की टपाली मतदान देशभर सर्वांना खुले करावे. मागणी ऐकायला सोपी आहे. आम्ही शिक्षक मंडळी निवडणुकीच्या कामावर जातो, टपाली मत कसे असते ते आम्हाला ठाऊक आहे. एका लिफाफ्यात मतपत्रिका, सोबत अधिकाऱ्याने साक्षांकित केलेले घोषणापत्र, आणि दोन्ही घालून मोठा लिफाफा. साक्षांकन राहिले की मत बाद. मतमोजणी सुरू होण्यापूर्वी लिफाफा पोहोचला नाही तरीही बाद. बी.एड. झालेली माणसे येथे चुकतात, मग अंगठा उठवणाऱ्याचे काय?

आज हा हक्क मोजक्यांना आहे. सैन्यातील जवान, निवडणूक कामावरील कर्मचारी, ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेले आणि ज्येष्ठ मतदार. ज्येष्ठांसाठी वयाची अट पूर्वी ८० होती, २०२४ साली ती ८५ झाली. जम्मू आणि दिल्लीत राहणाऱ्या विस्थापित काश्मिरी मतदारांनाही टपालाची किंवा खास केंद्राची सोय मिळाली. याचा अर्थ, गाव सुटलेल्या माणसाला दुसऱ्या राज्यात मत देता येते, सरकारने मनावर घेतले तर. कलम ६० मध्ये तशी वाट आहे: आयोगाने सरकारशी विचारविनिमय करून एखादा वर्ग अधिसूचित केला की त्या वर्गाला टपाली मत मिळते. स्थलांतरित मजूर हा असा वर्ग का नसावा?

तरीही घरोघर मतपत्रिका पाठवण्याच्या बाजूने आम्ही नाही. अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात २००० सालची अध्यक्षीय निवडणूक संपूर्ण टपालाने झाली. जर्मनीत २०२१ साली जवळपास निम्मी मते टपालाने आली. याउलट फ्रान्सने गैरप्रकारांमुळे देशांतर्गत टपाली मतदान १९७५ साली बंद केले. आमची स्थिती कोणासारखी आहे? पांडेसऱ्यातील एका खोलीत आठ माणसे राहतात. पाळी बदलते तशी अंथरुणावरची माणसे बदलतात. पत्ता बहुधा मुकादमाचा असतो. आठ लिफाफे मुकादमाच्या हाती पडले तर आठ मते कोणाची, हे वाचकांना समजावण्याची गरज नाही. बूथवर पडद्याआड निदान मुकादम येत नाही.

आयोगालाही हे कळलेले दिसते. निवडणूक कामावरील कर्मचारी पूर्वी मतपत्रिका घरी नेत. २०२३ साली नियम बदलला आणि त्यांनी सुविधा केंद्रातच मत द्यावे असे ठरले. मतपत्रिका कागदाची, पण खूण करायची ती अधिकाऱ्यासमोरच्या आडोशात. आमचे म्हणणे एवढेच, की हेच केंद्र सुरतेत मजुरांसाठी उघडा. उधना, लिंबायत आणि उसाच्या हंगामात बारडोली. अर्ज आधी घ्या, नाव गावच्या यादीशी ताडून पाहा आणि तेथे तशी नोंद करा, म्हणजे दोनदा मत पडणार नाही. वेळही पुरेल. २०२४ च्या विधानसभेला अर्ज मागे घेण्याची मुदत ४ नोव्हेंबरला संपली आणि मोजणी २३ नोव्हेंबरला झाली. १९ दिवसांत मतपत्रिका छापून सुरतेला आणणे आणि परत नेणे अवघड नाही. सुरत-नंदुरबार काही सातासमुद्रापलीकडे नाही.

सातासमुद्रापलीकडल्यांची काळजी मात्र आधी झाली. परदेशी राहणाऱ्या भारतीयांना प्रतिनिधीमार्फत मत देता यावे म्हणून लोकसभेने २०१८ साली विधेयक संमत केले, पुढे ते बारगळले. देशातल्या देशात हलणाऱ्यांसाठी एका यंत्रावर ७२ मतदारसंघ चालवण्याचा नमुना आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये पक्षांपुढे ठेवला. पक्षांचे एकमत झाले नाही आणि २०२४ ची लोकसभा त्याविनाच पार पडली.

आता भाषेचे. टपाली मतदाराला लिहिता येत नसेल किंवा दिसत नसेल, तर नियमाप्रमाणे साक्षांकन करणारा अधिकारी त्याच्या वतीने खूण करतो. सुरतेत हा अधिकारी बहुधा गुजराती असणार, आणि समोरचा मतदार अहिराणी, भिली किंवा पावरी बोलणारा. उमेदवाराचे नाव एकाने सांगायचे आणि दुसऱ्याने समजून घ्यायचे, यात चूक झाली तर ती कधी उघडकीसही येणार नाही. ज्याला वाचता येते त्याचीही अडचण आहे. चौथीपर्यंत मराठी शिकलेल्या माणसाला डोक्यावर रेघ नसलेली गुजराती सूचना वाचताना घाम फुटतो. तेव्हा अर्ज, घोषणापत्र, सूचना सारे मराठीत हवे, आणि केंद्रावर मराठी जाणणारा कर्मचारी हवा. सुरत महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. तेथील शिक्षक हे काम करतील, फक्त नेमणूक करा.

"मग सुरतेच्याच यादीत नाव का घालत नाही?" असे काही विचारतात. जे येथेच कायमचे राहिले त्यांनी जरूर घालावे. यादी एकाच ठिकाणची असावी असा कायदा आहे आणि तो योग्यच आहे. पण सहा महिने पालात राहणाऱ्या कोयतेवाल्याने कोणता पत्ता द्यावा? खोलीमालक तर भाडेकरार करून देत नाही. शिवाय येथे नाव असले म्हणजे मत मिळतेच असेही नाही. २०२४ साली सुरत लोकसभा मतदारसंघात काँग्रेसच्या उमेदवाराचा अर्ज बाद झाला, बाकीच्यांनी माघार घेतली आणि २२ एप्रिलला भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध निवडून आले. कतारगाम, वराछाच्या मतदाराला बोटाला शाई लावण्याची वेळच आली नाही. लिंबायत आणि उधना नवसारी मतदारसंघात मोडतात म्हणून तेथे मतदान झाले.

ग्रामपंचायतीची गोष्ट वेगळी. तेव्हा उमेदवारच सुरतेला जीपगाड्या धाडतात, येण्याजाण्याचा आणि जेवणाचा खर्च करतात, आणि माणूस गाडीत बसला की त्याचे मत कोणाचे ते ठरून जाते. विधानसभा-लोकसभेला मतदारांची अशी फुकट ने-आण हा कायद्याने भ्रष्टाचार ठरतो. सरकारची सोय नसेल तेथे उमेदवाराची जीप येणारच.

आमच्या समितीने निवडणूक आयोगाकडे पाठवण्यासाठी निवेदन तयार केले आहे. त्यासोबत गावोगावची यादी जोडायची आहे: नाव, गावचा यादी भाग क्रमांक आणि सुरतेतील किंवा उसाच्या पालाचा मुक्काम. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, धडगाव येथील ग्रामस्थांनी आपल्या घरचे कोण कोठे गेले आहे हे लिहून ग्रामपंचायतीतील शिक्षकाकडे द्यावे. कोयतेवाले दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास निघतात, त्यापूर्वी ही यादी व्हायला हवी.