वाण विद्यापीठाचं, मजकूर कुणाचा?

(हक्काची गोष्ट : लेखांक ७)

मागच्या आठवड्यात आपण लग्नाच्या फोटोंबद्दल बोललो. वेगळा करार नसेल तर हक्क पैसे मोजून फोटो काढून घेणाऱ्याचा, हे अनेक फोटोग्राफरांना रुचलं नाही, तशी पत्रं आली. त्या पत्रांच्या गठ्ठ्यात एक बदनापूर तालुक्यातलं निघालं. सोबत तूर लागवडीची चार पानी घडीपत्रिका. मजकूर कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकेतून जसाच्या तसा उचललेला, वर एका दुकानाचं नाव, आणि जिथे शास्त्रज्ञांची नावं असायची तिथे मोबाइल नंबर. वाचक विचारतात, ‘विद्यापीठ सरकारी म्हणजे आपलंच ना? मग ही चोरी कशी?’

प्रश्न बदनापुरातूनच यावा, हे छान झालं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र इथे आहे आणि मराठवाड्यात तुरीचं बी घेताना माणूस पीक कमी आणि आकडे जास्त बोलतो : ‘सातशे छत्तीस आहे का?’, ‘सातशे अकरा दे.’ बीएसएमआर ७३६, बीडीएन ७११, बीडीएन ७१६, अलीकडची गोदावरी, सगळी इथलीच. बीडीएन म्हणजे बदनापूरच! गावाचं नाव असं पिशवीवर छापून शेतोशेत जाणं फार थोड्या तालुक्यांच्या नशिबी असतं.

पण या वाणांना कॉपीराइट नसतो. बियाण्यासाठी वेगळा कायदा आहे, २००१ चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा. त्याखाली विद्यापीठ वाणाची नोंदणी करू शकतं आणि तुरीसारख्या पिकाला जास्तीत जास्त १५ वर्षं संरक्षण मिळतं. तरीही शेतकऱ्यानं घरचं बी राखावं, पेरावं, भावकीत द्यावं, विकावंसुद्धा, याला आडकाठी नाही. बंधन एकच : नोंदणीकृत वाणाचं बी ब्रँडच्या नावानं, लेबल लावून विकायचं नाही. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीच्या तोंडाशी शिवलेला निळा टॅग आठवा. घरच्या पोत्याला तो नसतो, आणि नसला तरी शेजाऱ्याशी व्यवहार होतो.

पुस्तिकेला ही सवलत नाही. तिला १९५७ चा कॉपीराइट कायदा लागतो. त्याच्या कलम १७ मध्ये एक पोटकलम आहे, ज्याकडे वकीलही क्वचित पाहतात : राज्याच्या कायद्यानं स्थापन झालेल्या संस्थेच्या सांगण्यावरून किंवा देखरेखीखाली तयार झालेल्या मजकुराची पहिली मालक ती संस्थाच, उलट करार नसेल तर. कृषी विद्यापीठ यात बसतं. प्रकाशनानंतर ६० वर्षं हा हक्क टिकतो. म्हणजे विद्यापीठ ‘आपलं’ असलं तरी पुस्तिका छापून वाटायला त्याची परवानगी लागते.

मात्र मालकी मांडणीची, माहितीची नव्हे. दोन ओळींत किती अंतर ठेवायचं, मर रोग येऊ नये म्हणून बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळायचा, हे ज्ञान कुणाच्याच नावावर नाही. दुकानदारानं तेच आपल्या भाषेत लिहिलं असतं तर त्याला कुणी हटकलं नसतं. कष्ट वाचवायला गेला आणि नेमका त्या कष्टांवरच कायद्याचा पहारा!

आता खरी गुंतागुंत. प्राध्यापकानं रात्री घरी बसून पाठ्यपुस्तक लिहिलं तर? नोकरीचा भाग म्हणून केलेलं लेखन मालकाचं, हा साधा नियम. पण शिकवायला नेमलेल्या माणसाला पुस्तक लिहायला नेमलेलं नसतं. १९५२ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयानं एका कंपनीच्या नोकरदारानं लिहिलेल्या एकाच पुस्तकाची अशी वाटणी केली : नोकरीतली कामगिरी म्हणून लिहिलेला भाग कंपनीचा, जाहीर व्याख्यानांतून आलेला भाग लेखकाचा. आपल्याकडे बहुतेक प्राध्यापक प्रकाशकाशी करार करून मोकळे होतात आणि हा प्रश्न कुणी उकरत नाही. माझ्या मते तेच शहाणपणाचं.

प्रश्नपत्रिकांची गोष्ट त्याहून गमतीची. लंडन विद्यापीठाच्या गणिताच्या प्रश्नपत्रिका एका प्रकाशनानं छापल्या, तेव्हा १९१६ मध्ये न्यायालयानं त्यांना साहित्यकृती ठरवलं. वर सांगितलं की पेपर काढणारे विद्यापीठाचे नोकर नाहीत, म्हणून पहिला हक्क त्यांचा. अलाहाबाद उच्च न्यायालयानंही १९६० च्या दशकात उत्तर प्रदेशच्या परीक्षा मंडळाला असंच ऐकवलं : नुसता नियम करून हक्क मंडळाकडे येत नाही, पेपर काढणाऱ्यानं तो लिहून द्यावा लागतो.

प्रबंध मात्र सरळ. काळ्या रेक्झिनची बांधणी, सोनेरी अक्षरं, आत मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र. एवढं सगळं पाहून मुलांना वाटतं, हे आता कॉलेजचं झालं. विद्यार्थी पगारी नोकर नसतो, त्यामुळे वेगळं काही लिहून दिलेलं नसेल तर प्रबंधाचे शब्द त्याचेच. कृषिकोशासारख्या ऑनलाइन भांडारात प्रबंध चढवायला विद्यापीठ संमतीपत्र घेतं. तो परवाना असतो, खरेदीखत नव्हे. हा फरक सातबारा वाचणाऱ्यांना सांगायला नको : कूळ लावलं म्हणून जमीन विकली जात नाही. सहीपूर्वी कागद वाचावा, कारण हक्कच हस्तांतरित केला आणि मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो.

आणि विद्यापीठाला वाटायचंच असेल तर? गोवा विद्यापीठानं २०१३ मध्ये आपल्या कोंकणी विश्वकोशाचे चारही खंड क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली खुले केले. कुणीही घ्यावं, छापावं, बदलावं. अटी दोनच : श्रेय द्यायचं आणि आपणही पुढे त्याच परवान्यानं द्यायचं. मालकी विद्यापीठाकडेच राहिली. शेतीच्या पुस्तिकांवर असा चार ओळींचा परवाना छापला तर बदनापूरच्या दुकानदाराला चोरून छापण्याची वेळच येणार नाही.

तोवर त्यानं विद्यापीठाला साधा अर्ज करून लेखी परवानगी घ्यावी. मोबाइल नंबर मात्र आत्ताच हलवावा. हक्क संस्थेकडे असला तरी लेखक म्हणून ओळखलं जाण्याचा अधिकार कलम ५७ प्रमाणे लिहिणाऱ्याकडे राहतो. नंबर जिथे आहे, ती जागा शास्त्रज्ञांच्या नावांची आहे.