मैवंद : वाटेवरच्या जिल्ह्याचा मागोवा

अफगाणिस्तानातल्या कंदहार शहराच्या पश्चिमेला सुमारे ७० किलोमीटरवर मैवंद आहे. उत्तरेला उघडेबोडके डोंगर, मधून कोरडे नाले, दक्षिणेकडे वाळवंट. पिकं येतात ती पाण्याच्या आसपासच. हेलमंदकडून कंदहारला येणारी वाट इथूनच जाते, आणि मैवंदचं लष्करी महत्त्व या पाण्यात आणि वाटेतच आहे.

१८८० च्या उन्हाळ्यात, दुसऱ्या इंग्रज-अफगाण युद्धात, अफगाण राजपुत्र अयुबखान हेरातहून फौज घेऊन इंग्रजांच्या ताब्यातल्या कंदहारकडे निघाला. त्याला अडवायला इंग्रजांचा ब्रिगेडियर जनरल बरोज सुमारे अडीच हजार सैनिकांनिशी मैवंदकडे वळला. २७ जुलैला गाठ पडली. अयुबखानाकडे कितीतरी पट माणसं होती, तोफाही ३० च्या आसपास; बरोजकडे १२. रणांगणाशेजारच्या खोल नाल्याचा बरोजला अंदाज आला नाही आणि त्याच नाल्याच्या आडोशाने अफगाण पुढे सरकले. उन्हात, पाण्यावाचून तासन्‌तास लढल्यावर दुपारी डावी बगल कोसळली. बरोजचे साडेनऊशेहून अधिक लोक ठार झाले. उरलेले रात्रभर तहानेने व्याकूळ होत कंदहारकडे हटले. १ सप्टेंबरला जनरल रॉबर्ट्‌सने कंदहारजवळ अयुबखानाचा पराभव केला, पण १८८१ च्या एप्रिलमध्ये इंग्रजांनी कंदहार सोडलंच.

 पुढे शंभरेक वर्षांनी अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा आल्या आणि १९८९ मध्ये परतल्या. पुढे तालिबानचा म्होरक्या झालेला मुल्ला उमर ज्या संगेसर गावी राहत होता, ते तेव्हा मैवंदच्याच हद्दीत होतं. १९९४ मध्ये तालिबानची चळवळ या टापूतून उभी राहिली आणि त्याच वर्षी तिने कंदहार घेतलं. तालिबानची सत्ता गेल्यावर, २००८ पासून अमेरिकी तुकड्यांनी मैवंदमध्ये ठाणी उभारली. हमरस्त्यावरचे सुरुंग हा त्यांचा रोजचा धोका होता. २०२१ च्या ऑगस्टमध्ये कंदहार पुन्हा तालिबानकडे गेलं. लढाई जिंकणारे बदलत गेले; परकी फौज मात्र इथे एकही टिकली नाही.

मैवंदची आठवण ज्याने त्याने आपापली जपली. अफगाणांनी रणांगणावर लढवय्यांना चेतवणाऱ्या मलालाई या तरुणीची कथा घरोघरी नेली. इंग्लंडमध्ये रेडिंगच्या बागेत ६६ व्या पलटणीसाठी सिंहाचा भव्य पुतळा उभा राहिला. पण १८८० च्या त्या लढाईत बरोजकडे गोरी पायदळ पलटण ही एकच होती. बाकीचं पायदळ बॉम्बे ग्रेनेडियर्स आणि जेकब्ज रायफल्स या मुंबई फौजेच्या पलटणींचं होतं. परक्या राज्यासाठी परमुलखात पडलेल्या या शिपायांची नावं, गावं आणि घरच्यांचं पुढे काय झालं, हे आपल्या अभ्यासकांनी शोधून लिहायला हवं. हे काम इंग्रज करणार नाहीत. ते आपलंच आहे.