व्यायाम व मानसिक आरोग्य

नियमित शारीरिक व्यायामाने मानसिक ताण सुसह्य होतो आणि चिंता व अवसाद (दीर्घकालीन खिन्नता) यांची तीव्रता कमी होते. ताणाच्या प्रसंगी अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनॅलीन व कॉर्टिसॉल ही हॉर्मोने स्रवतात. नाडी जलद होते व रक्तदाब वाढतो. व्यायामातही हेच बदल घडतात व विश्रांतीनंतर ओसरतात. या पुनरावृत्तीमुळे शरीर उत्तेजनेतून लवकर पूर्ववत होऊ लागते, असे मानले जाते. झोपही सुधारते.

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लूमेंथॉल व त्यांचे सहकारी यांनी पन्नाशी ओलांडलेल्या १५६ अवसादग्रस्तांचा अभ्यास केला (१९९९). त्यात १६ आठवड्यांअखेर व्यायामाचा गुण सरट्रालीन या औषधाच्या तोडीचा आढळला. औषधाचा परिणाम मात्र लवकर दिसला.

निरुत्साह हे अवसादाचे लक्षणच असल्याने ज्याला व्यायामाची गरज अधिक, त्यालाच तो आरंभणे कठीण जाते. म्हणून कोणाच्या तरी सोबतीने थोडे चालण्यापासून प्रारंभ करणे हितकर ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचविला. तीव्र अवसादात वा आत्महत्येचे विचार येत असल्यास मात्र मानसचिकित्सकाचे उपचार अनिवार्य होत; व्यायाम त्यांस पूरक आहे, पर्याय नव्हे.