कानस, चिमटा आणि आपली मुले
घड्याळजी व हत्यार-कारागीर यांच्या विद्येविषयी

दरवर्षी १ मे रोजी ख्रिस्तसभा श्रमिक संत योसेफ यांचा सण साजरा करते. पोप बारावे पायस यांनी १९५५ साली हा सण सुरू केला. त्या दिवशी आपण श्रमाचा गौरव करतो. परंतु मुलगा दहावी उत्तीर्ण झाला आणि हाताचे काम शिकतो म्हणाला, तर आपल्यापैकी अनेकांच्या घरी थोडी निराशाच होते. म्हणूनच हत्यारे घडविण्याची आणि घड्याळ जुळविण्याची विद्या म्हणजे नेमके काय, ती कशी शिकली जाते आणि जालना जिल्ह्यातील आपल्या मुलांना तिचा काय उपयोग, हे येथे मांडण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत.

हत्यार घडविणारा कोण?

कारखान्यात वस्तू यंत्रावर तयार होते. पण तिला आकार देणारा साचा, पत्रा कापणारी डाय, भाग पक्का धरून ठेवणारे फिक्स्चर ही सर्व हत्यारे आधी कोणीतरी घडवावी लागतात. हे काम करणाऱ्यास ‘टूल अँड डाय मेकर’ म्हणतात. उदाहरण आपल्या दारातच आहे. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत भंगार वितळवून बांधकामाच्या सळया तयार होतात. सिमेंट घट्ट धरून ठेवणाऱ्या सळईवरील उंचवट्याच्या रेघा शेवटच्या रोलमुळे उमटतात. त्या रोलवर आधी खाचा कोराव्या लागतात, आणि रोलवरील खाच सळईवर उंचवटा होऊन उतरते. खाच चुकली, तर त्या रोलमधून जाणारी प्रत्येक सळई चुकते. हत्यार घडविणाऱ्याची चूक ही अशी एकट्याची राहत नाही.

विद्येचा आरंभ

या शिक्षणाचा आरंभ यंत्रापासून होत नाही. विद्यार्थ्याला लोखंडाचा एक ओबडधोबड तुकडा, एक व्हाइस आणि एक कानस दिली जाते. तो तुकडा घासून सपाट करावयाचा आणि त्याच्या कडा काटकोनात आणावयाच्या. गुण्या लावून तुकडा उजेडासमोर धरला, की फटीतून प्रकाश दिसतो. जेथे प्रकाश दिसतो तेथे खोलगट भाग आहे, म्हणून उरलेला भाग पुन्हा घासावयाचा. त्यानंतर मायक्रोमीटर हाती येतो. तो मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजतो. माणसाच्या केसाची जाडी साधारण अशा सात भागांइतकी भरते.

पुढचा धडा पोलादाला पाणी देण्याचा. कार्बनयुक्त पोलाद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात किंवा तेलात बुडविले, की ते अतिशय कठीण होते. पण ते ठिसूळही होते व ठोका बसताच तुटते. म्हणून ते पुन्हा बेताने तापवितात. तेव्हा घासलेल्या पृष्ठभागावर प्रथम वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि सुमारे ३०० अंश सेल्सिअसला निळा रंग चढतो. छिन्नी हवी की स्प्रिंग, त्यानुसार योग्य रंगावर थांबावयाचे असते. अनेक जुन्या घड्याळांतील सुंदर निळे काटे हे रंगविलेले नसून असेच तापविलेले पोलाद असते. घड्याळजीची आणि हत्यार-कारागिराची विद्या येथे एकच होते.

घड्याळ काय शिकविते?

चावीच्या घड्याळात गुंडाळलेली स्प्रिंग शक्ती देते, दातेरी चाके ती पुढे नेतात आणि तोलचक्राचे डोलणे ती थोडी थोडी मोकळी करते. अनेक मनगटी घड्याळांत हे ठोके तासाला १८,००० म्हणजे सेकंदाला ५ पडतात. दिवसाचे सेकंद ८६,४००. घड्याळ दिवसाला एक मिनिट चुकले, तरी ती चूक १,४४० भागांत एक भाग एवढीच असते. तरीही ग्राहक ते परत आणतो. इतक्या सूक्ष्म कामासाठी घड्याळजी आपले स्क्रू-ड्रायव्हर स्वतः घासून नीट करतो, चिमट्याची टोके स्वतः जुळवितो.

आपल्या देशात एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने मनगटी घड्याळे बनविण्यास प्रारंभ केला. पुढे बॅटरीवरील क्वार्ट्‌झ घड्याळे स्वस्त झाली, मग मोबाइल आला, आणि २०१६ साली एचएमटीचा घड्याळांचा व्यवसाय बंद झाला. मात्र ही विद्या जगातून गेलेली नाही. स्वित्झर्लंड व फ्रान्स यांच्या सीमेवरील जुरा पर्वतप्रदेशातील घड्याळकलेला युनेस्कोने २०२० साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. आपल्या मुलांनी घड्याळाच्या दुकानावरच पोट भरावे, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु घड्याळजीची अचूकता हत्यार-कारागिरीत आजही हवी आहे, आणि तेथे रोजगारही आहे.

दार कोठे आहे?

आयटीआयमध्ये फिटर आणि टूल अँड डाय मेकर हे अभ्यासक्रम असतात. जालन्याहून सुमारे ६० किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगर येथील चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत इंडो-जर्मन टूल रूम ही जर्मनीच्या सहकार्याने उभी राहिलेली केंद्र सरकारची संस्था आहे. तेथे दहावीनंतर प्रवेशपरीक्षा देऊन टूल अँड डाय मेकिंगच्या पदविकेस प्रवेश मिळतो. आज संगणकावर चालणारी यंत्रे आली आहेत हे खरे. पण यंत्राने कापलेला भाग बरोबर आहे की नाही, हे ज्याने कानस धरली आहे त्याला लवकर कळते.

आपल्यासाठी याचे महत्त्व

आपल्या समाजात कारागिरी शतकानुशतके जातीने बांधलेली होती. लोहाराची विद्या लोहाराच्या घरी, सुताराची सुताराच्या घरी. मराठवाड्यातील आपले बहुसंख्य श्रद्धावंत ज्या समाजांतून आले, त्यांच्या वाट्याला ऐरण आलीच नाही. १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना मिळत नाहीत. पुढे १९५६ साली शीख व १९९० साली बौद्ध बांधवांचा त्यात समावेश झाला, आपला झाला नाही. त्यामुळे आपल्या मुलांच्या हाती असलेले कौशल्य हा त्यांचा मोठा आधार आहे. ते नसेल, तर दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जाण्यावाचून अनेक घरांना पर्याय राहत नाही.

जालन्याला या विचाराची परंपरा आहे. स्कॉटिश मिशनचे रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसविले. ते आपल्या पंथाचे नव्हते. पण दलित कुटुंबांना स्वतःच्या पायावर उभे करण्याची त्यांची तळमळ आपणा सर्वांचा वारसा आहे. १८९१ साली त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी पोप तेरावे लिओ यांनी श्रमिकांच्या हक्कांविषयीचे ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक प्रसिद्ध केले. त्यापूर्वी १८५२ साली तुरीनमध्ये संत जॉन बॉस्को यांनी उमेदवार मुलांसाठी मालकांशी लेखी करार केले होते. मुलाला केवळ राबवून न घेता काम शिकवावे, हा त्यांचा आग्रह होता.

धर्मग्रामांनी दोन गोष्टी अवश्य कराव्यात, असे आम्हांस वाटते. दहावीच्या निकालापूर्वीच मुलामुलींना आणि त्यांच्या पालकांना एखादी कार्यशाळा प्रत्यक्ष दाखवावी. प्रवेशपरीक्षेसाठी गणिताची तयारी करून घ्यावी, कारण गावाकडील मुले तेथेच मागे पडतात. नाझरेथच्या सुताराने प्रभू येशूच्या हाती प्रथम हत्यारच दिले असेल. आपल्या मुलांच्या हाती ते देताना आपणास संकोच वाटण्याचे कारण नाही.