विश्लेषण : एक लाख क्युसेक मोठे की पाच हजार क्युमेक्स?

पावसाळ्यात वैनगंगेला पूर आला की गोसेखुर्द धरणाच्या विसर्गाचे आकडे मोबाइलवर फिरू लागतात. एखाद्या संदेशात क्युमेक्स असते, तर दुसऱ्यात क्युसेक. आकडा चुकीचा वाचला गेला तर नदीकाठच्या गावांत विनाकारण घबराट पसरते किंवा खरा धोका लक्षातच येत नाही. अशा मोठ्या संख्यांची तुलना करायची कशी?

प्रमाण रूप म्हणजे काय?

मोठी संख्या दोन भागांत लिहायची. पहिला भाग १ किंवा त्याहून मोठा, पण १० पेक्षा लहान. दुसरा भाग १० चा घात. भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यात असलेल्या आणि १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या या धरणाचा एकूण साठा सुमारे १,१४६ दलघमी, म्हणजेच दशलक्ष घनमीटर आहे. घनमीटरमध्ये तो १.१४६ गुणिले १० चा ९ वा घात होतो. उपयुक्त साठा सुमारे ७४० दलघमी, म्हणजे ७.४ गुणिले १० चा ८ वा घात.

मोठी संख्या कोणती?

७.४ हा आकडा १.१४६ पेक्षा मोठा दिसतो, पण आधी घातांक पाहावा लागतो. ९ हा ८ पेक्षा मोठा, म्हणून एकूण साठाच मोठा. मात्र घातांक एकाने जास्त म्हणजे साठा दहापट, असे नाही. येथे तो उपयुक्त साठ्याच्या साधारण दीडपटच आहे. घातांक सारखे असतील तरच पहिल्या भागांची तुलना करायची.

एककाचे काय?

एक क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, अर्थात १,००० लिटर पाणी. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर. समजा, एका संदेशात १ लाख क्युसेक आणि दुसऱ्यात ५ हजार क्युमेक्स लिहिले आहे. लिटरमध्ये पहिला विसर्ग सेकंदाला २.८३ गुणिले १० चा ६ वा घात, तर दुसरा ५ गुणिले १० चा ६ वा घात होतो. घातांक सारखेच, ५ मोठा. म्हणजे ‘हजार’वाला विसर्ग ‘लाख’वाल्याच्या पावणेदोन पट आहे.

लक्षात काय ठेवावे?

आधी एकक सारखे करावे, मग घातांक पाहावा आणि शेवटी पहिला भाग. विसर्गाचा संदेश पुढे पाठवताना आकड्यासोबत एकक लिहिणे म्हणूनच आवश्यक ठरते. एक क्युमेक म्हणजे सुमारे ३५.३ क्युसेक, एकक गळाले तर वाचणाऱ्याचा अंदाज पस्तीस पटीने चुकू शकतो.